कोटांच्या खोलीतला सिनेमा

३ मार्च, रविवार

आज मी सिनेमात गेले! म्हणजे माझा आवाज गेला. मी आपली लाँड्रीतच.

नणंदेने सिनेमा काढलाय. स्वतःच लिहिला, स्वतःच शूट केला, मित्रमैत्रिणींना नुसतं जेवायला घालून राबवलं. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांचा – कोण कोणाला जीव लावतं, कोण कुठलं होऊन राहतं. "आपले सिनेमे दुसरं कोण काढणार, वहिनी?" हिरॉईन देखणी, पण इथेच जन्मलेली. तिचं मराठी ऐकलं की भातात खडा लागल्यासारखं होतं. म्हणून बोलायचं मी.

स्टुडिओ परवडत नाही, म्हणून दुकानामागची कोटांची खोली. धुतलेले कोट दाटीने टांगलेले, आवाज घुमत नाही म्हणे. दार तिने बाहेरून ओढून घेतलं. मी, माइक आणि लोकांचे कोट. गुदमरले.

४ मार्च, सोमवार

दिवसभर मळक्या कॉलरी. माणसांना माना नसत्या तर किती बरं झालं असतं!

१० मार्च, रविवार

शेवटचा सीन. हिरॉईन बसड्रायव्हरच्या प्रेमात पडलीये, सासर सोडून चाललीये. दारात सासूला म्हणते, "जाते मी."

माझ्या तोंडून आलं, "येते मी."

पुन्हा घेतलं. पुन्हा "येते"! नणंद वैतागली – "ती परत येणार नाहीये, वहिनी!" अगं, पण घरातून निघताना "जाते" म्हणतं का कोणी? लहानपणी एकदा म्हटलं तर आईने पाठीत धपाटा घातला होता. जातात ती मेलेली माणसं. इथे वाढलेल्या नणंदेला हे कोण सांगणार? लिहून मोकळी झाली.

शेवटी म्हणाले. समोरच्या काळ्या कोटाकडे बघत, मोठ्याने. मग थांबवेचना. जाते, जाते, जाते! बाहेर आले तर दाराशीच सासूबाई चादरींच्या घड्या घालत होत्या. वर बघितलं नाही त्यांनी.

१३ मार्च, बुधवार

मैत्रिणीचा फोन. तिच्या शिवणकामाच्या कारखान्यात जागा आहे, राहायला तिची खोली. "सोमवारी हजर हो, नाहीतर दुसरी टपलेलीच आहे."

नवरा तीन वर्षं दुसऱ्या शहरात "कामाला" आहे. त्या कामाचे केस लांब आहेत, हे घरात सगळ्यांना ठाऊक. बोलत कोणीच नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! सासरे गेले, सासूबाईंची बोटं सुजलेली, नणंद सिनेमात. मी निघाले तर शटर कोण उचलणार? मला जायचंय.

१६ मार्च, शनिवार

बॅग भरली. रिकामी केली. परत भरून कोटांमागे ढकलली.

१७ मार्च, रविवार

नणंदेने दुकानातच भिंतीवर चादर लावून सिनेमा दाखवला. प्रेक्षक – सासूबाई आणि मी. हिरॉईन दारात उभी राहिली आणि माझ्या आवाजात म्हणाली, "जाते मी." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आवाज ओळखीचा आहे," सासूबाई म्हणाल्या.

नणंद खो खो हसली. त्या नाही हसल्या. चष्मा काढून पुसत बसल्या, सुजल्या बोटांनी, कितीतरी वेळ. ते बघून माझं अवसानच गळालं. ह्या बाईला कोणाच्या जिवावर टाकून जाऊ? मैत्रिणीला कळवलं – जमणार नाही. संपलं. उद्या परत कॉलरी.

१८ मार्च, सोमवार

बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय. मैत्रिणीला पुन्हा कळवलंय – जागा धरून ठेव.

सकाळी खाली आले तर शटर उघडलेलं. सासूबाईंनी उचललं होतं, एकटीने! माझी बॅग उंबऱ्यापाशी आणून ठेवलेली. वर डबा.

पाया पडले आणि सवयीने म्हणाले, "येते."

"जाते म्हण," त्या म्हणाल्या. "मला तेवढं कधी जमलं नाही."