शिरक्याचे विरजण आणि रोशनच्या विटा

मी, इंदुबाई गुणवंतराव मोहुर्ले, वय चौऱ्याहत्तर, धंदा शेती आणि घरामागची भाजी-फळांची सांदवाडी, राहणार चेक सावरटोला, तालुका पोंभुर्णा, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि माझ्याच हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. पुरावा हवा असेल तर आज सकाळी झाकलेल्या बरण्यांचा नुसता वास घेऊन कोणत्या लोणच्यात मीठ कमी पडले ते मी सांगितले. साक्षीदार लोकेश नैताम याने चाखून पाहिले आणि मान डोलावली.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझा मुलगा रोशन याच्याकडे माझ्या अंगठ्याचा एखादा कागद निघाला तर तो खोटा समजावा. मी सातवी शिकले आहे आणि सही करते.

कलम एक. राहते घर माझ्या नावावर आहे. ते मी माझी सून मंजुषा हिला देते. मंजुषा माझी लाडकी आहे असे कोणी समजू नये. तिच्या हाताला चव नाही, ती कढीत साखर घालते आणि सांगितले तर फुगून बसते. पण तिने मला कधी फसवले नाही. रोशनने त्या घरात तिच्या मर्जीने राहावे आणि आवाज खाली ठेवावा. पाटा-वरवंटाही तिलाच. तो वापरायचा असतो, त्यावर तुळशीची कुंडी ठेवायची नसते.

कलम दोन. गावातल्या महिला बचत गटाला माझ्याकडून काही नाही. वर्षानुवर्षे त्यांनी माझा जांभळाचा शिरका, वास्ते म्हणजे बांबूचे आंबवलेले कोंब, आणि लिंबाचे लोणचे प्रदर्शनात मांडून शाबासकी घेतली. ज्या दिवशी माझ्या दारात पोलिसांची गाडी आली, त्याच दिवशी संध्याकाळी उरलेल्या बाटल्या माझ्या ओट्यावर ठेवून गेल्या. आवाजही दिला नाही. माझ्या तेरवीला या बायका जेवायला येतीलच. त्यांच्या पानात बाजारचे लोणचे वाढावे.

कलम तीन. सांदवाडीत विटांचा ढीग आहे, तो रोशनला. हे कलम लांब होणार आहे. लोकेश मघाशी म्हणाला, "काकू, मृत्युपत्रात भांडण लिवत नाईत." मी त्याला म्हटले, "तू साक्षीदार आहेस ना, मंग पाहत राह्य."

जिल्ह्यात दारूबंदी होती त्या वर्षांतली गोष्ट आहे. माझ्या सांदवाडीतल्या जांभळाचा शिरका मी लग्न होऊन आले तेव्हापासून घालते. माझ्या सासूने मला फक्त दोन गोष्टी दिल्या, टोमणे आणि शिरक्याचे विरजण. टोमणे मी फेडले, विरजण जपले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जांभळे कुस्करून माठात ठेवली की रस आधी फसफसतो. तेव्हा वास आळीभर जातो. मग फेस बसतो, गाळ खाली जातो आणि वास निवतो. त्या वेळी माठात जे असते ती दारूच असते, मी खोटे बोलणार नाही. त्यानंतर त्यात विरजण घालून तोंडाला फडके बांधले, वारा लागू दिला, म्हणजे तिचा शिरका होतो. त्या मधल्या दिवसांतून गेल्याशिवाय शिरका होत नाही. माणसाचेही काही वेळा असेच असते, पण रोशनचा शिरका झालाच नाही.

पोलीस आले ते नेमके त्या मधल्या दिवसांत. माठ उघडून वास घेतला, बोट बुडवून चाखले आणि सगळे माठ अंगणात आडवे केले. विरजणाची बरणीही फोडली. मला गाडीत बसवून ठाण्यात नेले. बाजाराचा दिवस होता. माझ्याकडून मेथी नेणारी माणसे मला दारूवाली म्हणून बघत होती. संध्याकाळी रोशन आला, साहेबांपुढे हात जोडले आणि मला सोडवून नेले. गाव म्हणाले, मुलगा असावा तर असा. त्याने ते ऐकून घेतले.

गाडीवर मागे बसून येताना तो म्हणाला, "माय, आता बंद कर हे. लोकं हासून राह्यले. सांदवाडीत आपण दोन खोल्या काढू, मंडपाचं सामान ठेवाले होते." रोशनचा मंडप-बिछायतीचा धंदा आहे आणि त्याचा डोळा सांदवाडीवर होता. मी विचारले, "सांगतलं कोणं?" तो म्हणाला, "गावात जलणारे लय आहेत, माय."

दुसऱ्या दिवशी सकाळी विटांचा ट्रॅक्टर दारात उभा राहिला. आमच्या भागात वीटभट्टीवाला मागितल्याबरोबर विटा देत नाही, आधी सांगून ठेवावे लागते. माझ्या अटकेच्या आधी विटा सांगून झाल्या होत्या.

आणि तेवढ्यावरच मी ओळखले असे नाही. ज्याला वासाचा त्रास होतो तो रस फसफसत असताना तक्रार करतो. फेस बसून वास निवल्यावर माठात दारू असते, हे या गावात तिघांनाच माहीत होते. एक मी. दुसरी माझी जाऊ गोकुळा. तिसरा रोशन. लहानपणी मीच त्याच्या जिभेवर थेंब ठेवून विचारायची, सांग, आता काय झाले. बरोबर सांगायचा.

गावाने गोकुळाचे नाव घेतले, कारण आमचे वैर सगळ्यांना पाठ आहे. मी एक दिवसही तिच्यावर संशय घेतला नाही. गोकुळा भांडायला कुंपणाशी येते, पदर खोचते आणि आधी माझे नाव घेऊन हाक मारते. ती पाठीमागून जाणारी बाई नाही.

खोल्या झाल्या नाहीत. त्या विटांवर मी कोहळ्याचा वेल चढवला. दारूबंदी उठली, विटा तिथेच आहेत. रोशनने आपल्या विटा न्याव्यात, पण वेल सुकल्यावर. एक जरी हिरवे पान तुटले तर विटाही गोकुळाच्या.

कलम चार. सांदवाडी, जांभळासकट, आणि शिरक्याचे विरजण मी माझी जाऊ गोकुळा केवळराम मोहुर्ले हिला देते. तिच्यानंतर तिची मुलगी दामिनी हिला. ती आईसारखीच तोंडाळ आहे, वाडी राखील.

गोकुळाचा आणि माझा झगडा शेवग्यावरून सुरू झाला. झाड तिचे, फांद्या माझ्याकडे, शेंगा कोणाच्या यावर आमचे नवरे मरून गेले तरी निकाल लागला नाही. शेंगा माझ्याच होत्या, हे इथे कायद्याने नोंदवते. शिवाय मी आयुष्यभर म्हणत आले की ही बाई माझे विरजण चोरते. ती तुळशीवर हात ठेवून शपथ घ्यायची. मी घरात नसताना माझ्या बरणीतला शिरका खाली गेलेला मला दिसायचा. लोक मला वेडी म्हणायचे.

पोलिसांनी बरणी फोडल्यावर सासूपासून चालत आलेले विरजण संपले, असे मी धरून चालले होते. ठाण्यातून आल्यावर मी त्या ओल्या अंगणात बसले होते आणि मला रडू येत होते. तेव्हा गोकुळा कुंपणाशी आली. पदर खोचलेला होता. तिने एक बाटली कुंपणावर ठेवली आणि म्हणाली, "घे, तुयं इरजण. म्याच नेलं होतं. आता बोंबलू नको."

मी म्हटले, "मले मालूम होतं, चोट्टी."

ती म्हणाली, "चोरलं म्हून वाचलं." आणि निघून गेली. त्यानंतरही आम्ही भांडलोच, पण मी तिच्या अंगावर विरजणाचा आळ पुन्हा घातला नाही. आता ते तिचे कायदेशीर झाले, म्हणजे तिला चोरायची सोय राहिली नाही. हे तिला जड जाईल. जाऊ दे.

कलम पाच. या मृत्युपत्राचा अंमल करण्याचे काम मी गोकुळालाच देते. तिचा माझ्या एकाही शब्दावर विश्वास नाही, म्हणून ती प्रत्येक कलम दोनदा वाचायला लावील. वाचायचे रोशनने, सांदवाडीत, सगळ्यांसमोर. त्याचा आवाज चांगला आहे, लग्नात माईकवर बोलतो. कलम तीनपाशी तो अडखळला तर त्याला पाणी द्यावे आणि थांबावे. दुसऱ्या कोणी वाचू नये.

कलम सहा. रोशनला विटांशिवाय आणखी एक गोष्ट देते. कोठीच्या खोलीत एक चिनी मातीची बरणी आहे. तिचे तोंड लाखेने बंद केले आहे. यंदाच्या जांभळांचा रस, फेस बसला त्या दिवशी मी त्यात भरला.

रोशन, बंद ठेवलीस तर ती दारूच राहील. ठाण्याचा रस्ता तुला माहीत आहे, या वेळी स्वतःचे नाव सांग. उघडून फडके बांधलेस तर तिचा शिरका होईल. पण त्याला विरजण लागेल आणि ते गोकुळाकडे आहे. तिच्या दारात उभे राहायचे, तू काय केले होतेस ते तुझ्या तोंडाने सांगायचे आणि मग वाटी पुढे करायची. ती देईल की नाही, मला सांगता येत नाही.

मी असते तर दिले नसते.

वरचे सगळे मी वाचून पाहिले. एकही शब्द रागाच्या भरात लिहिलेला नाही, राग जुना आहे आणि आता निवळला आहे.

सही: इंदुबाई गुणवंतराव मोहुर्ले

आमच्यासमोर इंदुबाईंनी सही केली व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या. आम्हाला या मृत्युपत्रातून काही मिळायचे नाही. लोणचे चाखले तेवढेच.

साक्षीदार १: लोकेश झिंगू नैताम
साक्षीदार २: सोमारी बुधू गेडाम

ठिकाण: चेक सावरटोला, सांदवाडी, विटांजवळ
दिनांक: १४ जुलै २०२४