कोरियन सिनेमाचा शेवट सांगताना

आई,

तुला सिनेमाचं वेड होतं, म्हणून हे तुलाच लिहिते आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, पन्नाशीला आली बाई आणि कोरियन सिरियली बघत बसते. बघते. गेली तीन वर्षं बघते आहे. पुण्याजवळच्या माण गावातल्या माझ्या सासरच्या घरावर आता दोन मजले चढले आहेत आणि वरच्या खोल्यांत कंपन्यांमधल्या मुली भाड्याने राहतात. त्यातल्या एका ओडिशाच्या मुलीने आमच्या टीव्हीवर हे सगळं लावून दिलं आणि म्हणाली, "आंटी, बस एक एपिसोड देखो." एकावर कुणाचं भागलंय? तू गेलीस तेव्हा या घराला पत्रा होता आणि टीव्हीवर दोनच चॅनेल धड दिसायचे. आता मी आयटी पार्कच्या फेज तीनमधल्या एका कंपनीची पँट्री सांभाळते. आठवडाभर उभं राहून पोटऱ्यांचे दगड होतात. रविवारी दुपारी जेवणं उरकली की मी आणि सासूबाई टीव्हीपुढे बसतो. मी बघते आणि त्या ऐकतात, कारण साखरेने त्यांची नजर गेली आहे. दारात माणूस उभा राहिला तर त्यांना तेवढी सावली कळते. त्या एका सावलीची त्या चार वर्षं वाट बघत आहेत. थोरल्या लेकाची, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची. रस्त्यात गेलेल्या जमिनीवरून त्यांचं आणि माझ्या नवऱ्याचं बिनसलं, ते पुण्यात राहायला गेले, आणि गेले ते गेलेच. इथून पुणे म्हणजे काही कोरिया नाही.

तर या सिरियली कशा असतात ते तुला सांगते. पहिली गोष्ट म्हणजे त्या संपतात. सोळा भाग, फार तर वीस, आणि खेळ खल्लास. आपल्याकडे एकदा सून उंबऱ्याच्या आत आली की तिच्या सुनेचं बाळंतपण होतं, मेलेला नवरा दुसरं तोंड घेऊन परत येतो, तरी संपायचं नाव नाही. बाकी सगळ्या एकाच साच्यातल्या, हेही खरं. तीन बघितल्या की चौथी आपल्याला पाठ असते. मुलगा कंपनीच्या मालकाचा, आणि त्याला हसता येत नाही. मुलगी गरीब, पण तिचा कोट दर भागात नवा. ती अडखळते, तो झेलतो, आणि तेच तीन बाजूंनी तीनदा दाखवतात. आठवा भाग येईपर्यंत हात धरायचा नाही. मग त्याची आई मुलीला हॉटेलात बोलावते, पाकीट पुढे सरकवते आणि ग्लासातलं पाणी तिच्या तोंडावर फेकते. हे मी सासूबाईंना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पानी कशाला वाया घालवतीया? शिव्या येत न्हाईत व्हय तिला?" गाणं थांबलं आणि रस्त्यावर सामसूम झाली की त्या मांडीवर थाप मारतात, "आता ट्रक येतुया बघ." आणि तो येतोच, कुणाला तरी उडवून जातो. आमच्या रस्त्यावर डंपर तसेच धावतात, पण त्यांना निदान खड्डे तरी आवरतात.

मला खुपतात ते त्यांचे हात. दिवसभर भांडी घासणारी बाई असली तरी हातांना एक भेग नाही, कातडी लोण्यासारखी. मी पँट्रीत मुलींना कामावर घेताना आधी हात बघते, त्यामुळे माझी नजर तिथेच जाते आणि मग मला गोष्ट पटेनाशी होते. आवडतं ते त्यांचं जेवण. पडद्यावर सतत कुणीतरी कुणाला विचारत असतं, जेवलास का. भांडण झालं तरी, नोकरी गेली तरी, कुणी मेलं तरी. तू मला कधी सोन्या-बाळा म्हणाली नाहीस. शाळेतून आले की "जेवलीस का" एवढंच, तेही पाठमोरी राहून. तेव्हा मला त्याचं काही वाटत नसे. आता एखादी कोरियन म्हातारी लेकीच्या भातावर बोटाने भाजी ठेवते आणि मी पदर डोळ्याला लावते. माझ्या नाक ओढण्यावरून सासूबाईंना कळतं. "रडतीयास व्हय? कोन मेलं?" कुणी नाही, आत्या, जेवतायत, असं मी सांगते.

त्यांना एकदा मी सांगितलं की आता डोंगरातला विहार दाखवतायत, आत भगवान बुद्धांची मोठी मूर्ती आहे. त्या ताठ बसल्या. "ह्यांच्यात बी भगवान हायेत?" आहेत, म्हटलं. त्यांनी टीव्हीच्या दिशेने हात जोडले, जरा चुकलेच, खिडकीकडे जोडले गेले. तेव्हापासून कोरियन माणसं त्यांच्या लेखी आपली झाली. आता ती दारू प्यायली तरी त्या म्हणतात, थंडी हाय तितं. चार शब्दही त्यांना पाठ झाले आहेत. आईला ओम्मा म्हणतात हे त्यांनी कुणी न सांगता ओळखलं.

सिरियली हिंदीत ऐकायला मिळतात, त्यामुळे अर्ध्याअधिक त्यांना समजतात. सिनेमे मात्र कोरियनच असतात आणि खाली इंग्रजी अक्षरं पळतात. ती मी माझ्या बारावीच्या इंग्रजीने वाचते आणि मराठीत सांगते. सांगताना मला तू आठवतेस. समाजमंदिरात रविवारी संध्याकाळी लागलेला सिनेमा तू सोमवारी चांदे गावच्या भातखाचरात सांगायचीस. गुडघाभर चिखल, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, हातात रोपांची मूठ, आणि दहा-बारा बायांच्या ओळीत मधोमध तू. मालक लावणीला सगळ्यांत आधी तुला निरोप धाडायचा, कारण तू सांगायला लागलीस की बायांचे हात आपोआप चालायचे. भांडणं तू दोन्ही आवाजांत भांडायचीस. गाणं आलं की म्हणायचीस, "इतं ती दोगं नाचत्यात, तवर पानी पिऊन घ्या."

आठवीत असताना एकदा सुट्टी म्हणून मी तुझ्याबरोबर आले होते. तू आदल्या दिवशीचा सिनेमा सांगत होतीस. त्यात ट्रक चालवणारा नवरा शेवटी घाटात मरतो. तू सांगितलंस, जखमी झाला, सहा महिने दवाखान्यात राहिला, मग परत आला आणि पोरीला बाहुली आणली. मी बांधावरून ओरडले, "खोटं हाय! त्यो मरतो. मी बघितलंय." ओळ थांबली. कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, "मग रोज अशीच फशिवतीस व्हय गं आमाला?" आणि ओळीच्या टोकाची एक बाई रोपं तिथेच टाकून बांधावर जाऊन बसली. ती उन्हाळ्यातच विधवा झाली होती. तिचा नवरा वाळूच्या ट्रकवर होता. हे मला माहीत होतं, आई. माहीत होतं, पण जोडलं नव्हतं. मला फक्त मी सिनेमा नीट बघितलाय हे सांगायचं होतं. उरलेली लावणी मुक्यानेच झाली. घरी चुलीपुढे तू मला मारशील म्हणून मी दाराजवळ उभी होते. तू फुंकणी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "तिच्या म्होरं कसा मारू त्याला? त्यो पडद्यावर मेला, तेवढं बास हाय की." मग म्हणालीस, जेवून घे. त्या लावणीत तू पुन्हा सिनेमा सांगितला नाहीस. पुढे सांगितलास की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

मार्च महिन्यात आम्ही एक सिनेमा बघितला. समुद्राकाठच्या गावात एक म्हातारी मासळी वाळवून विकते. तिचा मुलगा बोटीवर कामाला गेलेला असतो आणि ती रोज धक्क्यावर जाऊन बसते. फार संथ सिनेमा, बोलणं जवळजवळ नाहीच. सिरियलीत त्यांचं सगळं गोड, पण सिनेमात ही माणसं दयामाया दाखवत नाहीत, हे माझं मत आहे. मुलगा येत नाही. म्हातारी मरते. काळी फीत लावलेला तिचा फोटो, पांढरी फुलं, शेजारी येऊन रस्सा-भात खातात, आणि मुलगा तेव्हाही येत नाही. सासूबाई पुढे सरकून बसल्या होत्या. "आला का गं पोरगा?" मी पडद्याकडे बघत म्हटलं, "आला, आत्या. आला." कसा आला, विचारलं त्यांनी. मी सांगितलं, टॅक्सीने आला, हातात पिशवी आहे, आईच्या पायावर डोकं ठेवलंय. म्हातारीला मी मारलंच नाही. मला त्या वेळी वाटलं, मी तुझ्यासारखी झाले.

पण तुझी गोष्ट खाचरात संपायची. माझी घरात शिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना सासूबाईंनी विचारलं, "आपला कवा येतुया?" मला कामाला निघायचं होतं, बस चुकत होती. मी म्हटलं, बुद्धपौर्णिमेला येतो म्हणालेत. त्यानंतर दोन महिने त्यांनी दिवस मोजले. पौर्णिमेच्या दिवशी पहाटेच आंघोळ केली, पांढरी साडी नेसल्या, आणि दाराशी खुर्ची टाकून बसल्या. मी खीर केली होती. वाटी हातात दिली तर म्हणाल्या, "त्यो आल्यावर खाते." वरच्या मुली येता-जाता दारात थबकल्या की त्या मान वर करायच्या. दिवे लागेपर्यंत बसल्या. खिरीवर साय धरून सुकली. मग माझा हात धरून त्या आत आल्या आणि दोन घास भाकरी खाऊन आडव्या झाल्या. त्यांचं हृदय अशक्त झालं आहे, डॉक्टर म्हणतात जास्त दगदग नको. वाट बघण्याला दगदग म्हणतात का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही.

गेल्या रविवारी मी नवी सिरियल लावत होते. त्या म्हणाल्या, "त्यो समुद्राचा शिनेमा. त्यात पोरगा आलाच न्हवता." मी विचारलं, "कशावरून म्हणता, आत्या?" तर म्हणाल्या, "आला असता तर ओम्मा म्हनला असता की. कुनी बी ओम्मा म्हनलं न्हाई. मला दिसत न्हाई, ऐकाया येतंय." मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. "तू लई जीव लावून सांगत व्हतीस. म्हनलं, सांगू दे." रागावल्या नव्हत्या. माझ्या गुडघ्यावर त्यांचा हात होता, आणि तो हात भेगांनी भरलेला आहे, टीव्हीतल्यासारखा नाही. मग त्यांनी विचारलं, "आता खरं सांग. पौर्णिमेला त्याचा फोन तरी आलता का?" मी म्हटलं, "न्हाई, आत्या." त्या म्हणाल्या, "बरं. लाव म्होरची." मी लावली. पहिल्याच भागात मुलगी अडखळली आणि त्याने झेललं.

हे लिहायला बसले ते तुला हे सांगायला की मी खूप दमले आहे. कामाने दमते, ते झोपेने भरून निघतं. हे दमणं वेगळं आहे. बारा वर्षं मी त्यांना न्हाऊ-माखू घालते, इन्सुलिन टोचते, वाढते, आणि गेली चार वर्षं त्यांचं तोंड सतत दाराकडे. तू हे समजून घेतलं असतंस की मला बोल लावला असतास, ते मला सांगता येत नाही. हे कागद मी कुठे ठेवणार तेही ठाऊक नाही. तुला पोचणार नाहीत म्हणूनच एवढं लिहवलं.

आई, फोन आला होता. पौर्णिमेच्या सकाळी दहाच्या सुमाराला, मी उरलेली खीर झाकून ठेवत होते तेव्हा. दीर म्हणाले, "आई कशी आहे? तासाभरासाठी येऊन जाऊ का?" सासूबाई माझ्यापासून पाच पावलांवर दाराशी बसल्या होत्या आणि मी दिलेली खिरीची वाटी तशीच त्यांच्या मांडीवर होती. मी आवाज बारीक केला आणि म्हटलं, "त्यांना बरं नाही. झोपल्यात. आज नको." ते म्हणाले, बरं, तुम्ही सांगाल तेव्हा येतो. नंबर फोनमध्ये आहे. मी अजून लावलेला नाही.