बार भरणारा

अण्णा, धाकट्याने तुमच्या ठासणीच्या बंदुकीने मारलेला निशाणाचा कागद सकाळपासून माझ्या टेबलावर पडला आहे आणि माझ्या पोटात दुखतंय. तुम्ही असता तर ओवा चावायला दिला असता. पण हे दुखणं ओव्याने जाणारं नाही.

इथे बहरीनला मी नेमबाजीच्या एका क्लबात स्टोअर सांभाळतो. साहेब इथलेच, जुन्या बंदुकांचे वेडे. त्यांना काळ्या दारूच्या बंदुकांची स्पर्धा भरवायची होती, पण असल्या बंदुकांचे शौकीन देशोदेशी विखुरलेले, आणि हत्यार घेऊन विमानात कोण बसू देणार? मग मीच सुचवलं, ज्याने त्याने आपापल्या रेंजवर, साक्षीदारासमोर बार काढावेत आणि कागद तेवढे आमच्याकडे पाठवावेत. साहेब म्हणाले, "यल्ला, मग नियमही तूच लिही आणि गुणही तूच दे." माझी शाळा किती झाली ते तुम्हाला ठाऊकच आहे. लोकांना विचारून, पुस्तकं चाळून सगळं बसवलं. आतल्या वर्तुळाच्या रेघेला गोळी नुसती शिवली तरी आतले गुण, हा नियम मीच घातला. इथल्या नईम भागातल्या दुकानातून कागद छापून आणले आणि एक धाकट्याला धाडला. धाडला नसता तर कोणी विचारलं नसतं.

भात पिकायला आलं की आपण माचावर रानडुकरांपासून शेत राखायला बसायचो. मला मिसरूड फुटलेलं, धाकटा माझ्या खांद्याएवढा. तुम्ही दारूचं शिंग माझ्या हातात देता. मी माप भरतो, दारू नळीत ओततो, चिंधीतली गोळी गजाने ठासतो. बोटं काळीकुट्ट होतात. सगळं तयार झालं की तुम्ही बंदूक माझ्याकडून घेऊन त्याच्या खांद्याला लावता. "श्वास सोड, मग चाप ओढ," तुम्ही त्याच्या कानाशी सांगता. ते मलाही ऐकू येतं, पण माझ्यासाठी नसतं. एकदा धीर करून बंदूक मागितली, तर म्हणालात, "तू भर. तुझं ते काम." घरी गेल्यावर आई त्याच्या बाराचं कौतुक ऐकत त्याला वाढायची आणि मी मोरीत राख घेऊन बोटं घासत असायचो.

त्याचा कागद सुट्टीवरून परतणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या बॅगेतून आला, तिरफळांच्या वासासकट. बाकी सगळे कागद तपासून झालेत. पहिला आहे हमद टाउनचा एक निवृत्त हवालदार. धाकट्याची सगळ्यात खालची गोळी रेघेला शिवली असेल तर धाकटा पहिला, नाहीतर नाही. भोकाची कड फाटलेली, डोळ्यांना कळत नाही. गोळीच्या मापाची पितळी खुंटी भोकात घालून बघायची असते. खुंटी खणात होती आणि मी खण उघडत नव्हतो. त्याला तुमचा हात मिळाला, तुमची बंदूक मिळाली, आता मी उभ्या केलेल्या स्पर्धेतला कपही त्यालाच?

दुपारी त्याचाच फोन आला. "दादा, पोचला का कागद?"

पोचला, तपासायचाय, असं मी म्हटलं.

"शेवटचा बार जरा खाली बसला बघ. दारू मीच भरली ना. अण्णांनी मला शिंगाला कधी हात लावू दिला का? तू गावाला गेलास की बंदूक भिंतीवरच राहायची. माप चुकलं तर नळी पोराच्या तोंडावर फुटेल म्हणायचे. थोरल्याने भरली असेल तरच याला चाप ओढू देईन, असंही म्हणायचे." मग हसला. "तुझा काय राग यायचा मला तेव्हा."

इंशाल्ला संध्याकाळी कळवतो, असं त्याला परक्यासारखं सांगून फोन ठेवला.

हे तुम्ही मला का नाही हो सांगितलंत, अण्णा? त्या माचावर एवढंच बोलला असतात तर मी आयुष्यभर बोटं काळी करून घेतली असती.

खण उघडला, खुंटी घातली. शिवली. जेमतेम, पण शिवली. गुण मांडून साहेबांना दाखवले. त्यांनी पाठ थोपटली आणि भावाला लगेच फोन कर म्हणाले.

हे पत्र आता खुंटीजवळ खणात राहील, दुसरीकडे कुठे टाकणार? आणि फोन मी अजून केलेला नाही. चहा झाला की करतो म्हणालो होतो. हा तिसरा चहा आहे.