इंदूरचं मशीन आणि माझी छाती

१० नोव्हेंबर २०१४, आमोणे
आजपासून रोजनिशी. मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगायचं आणि सून मालतीने लिहायचं. वाचायचं कुणीच नाही. मालतीनेही नाही.
नात सेजल बावीसला इंदूरला निघते म्हणे. तिथे मोठं गोल मशीन आहे, त्यातून भयंकर जोराचा एक्स-रे सुटतो. आपल्या डिचोलीच्या खाणीतल्या दगडाचा कण, राईहून बारीक, ती दोन हिऱ्यांमध्ये धरून दाबणार. पृथ्वीच्या पोटात असतो तेवढा दाब. मग तो आतून कसा बदलतो ते एक्स-रेने बघणार. मशीनवर टर्न वर्षातून एकदाच मिळते, आणि तिच्यावर सगळी पीएचडी.
सेजलला म्हटलं, दाबाखाली काय होतं ते तुझ्या आईला विचार गो, तीस वर्षं माझ्या हाताखाली आहे. मालतीचा हात थांबला. लिही म्हटलं.
संकल्प: सेजलच्या आयुष्यात लुडबूड करायची नाही.

१२ नोव्हेंबर
पेडण्याच्या कृष्णनाथाचा मुलगा पंचवीसला तिला बघायला येतो. बँकेत आहे. ही लुडबूड नव्हे, चहापाणी. दगड कुठे पळून जातो?
सेजल म्हणाली, आजये, टर्न गेली तर माझं वर्ष जातं. म्हटलं, माझ्याकडे पुष्कळ आहेत, त्यातलं एक घे.

१५ नोव्हेंबर
देवळात प्रसाद लावला. मूर्तीला पाकळ्या चिकटवून विचारायचं. उजवी पडली की होकार. विचारलं, मुलीला घरी ठेवू? डावी. भटाने पाणी कमी लावलं असणार. पुन्हा विचारलं. डावी. इंदूरला धाडू? उजवी. भट नवीन आहे. शेवटी विचारलं, पंचवीसला पाहुण्यांना शिरा करू? उजवी.
शिरा म्हणजे पाहुणे, पाहुणे म्हणजे मुलगी घरात. देवाचा स्पष्ट होकार.

२२ नोव्हेंबर
सेजलने बॅग दाराशी आणली आणि माझ्या छातीत कळ आली. थोडीशी. (मालती, 'थोडीशी' खोड.) डॉक्टर म्हणाला, गॅस. त्याला डिग्री कोणी दिली?
सेजलने सरांना फोन केला. टर्न पुण्याच्या कुणाला दिली. मग माझे पाय चेपत बसली. रडली नाही. थोडं रडली असती तर घराला शोभलं असतं. मी दोन वाट्या पेज घेतली.

२५ नोव्हेंबर
पाहुणे आले. शिरा उत्तम. मुलाची आई सुलोचना म्हणाली, आमच्या झिलाक शिकलेलीच होयी, पीएचडी कधी होतली? सेजलने शांतपणे सांगितलं, याच आठवड्यात टर्न होती, आजीची छाती दुखली. आता पुढच्या वर्षी, मिळाली तर.
सुलोचनेने आणखी शिरा मागून घेतला. म्हणाली, डिग्री जाली काय कळयात. इथून त्यांना साखळी गावात दुसरी मुलगी बघायची होती.
दोष मशीनचा. वर्षातून एकदा मिळतं ते कसलं मशीन?

३० नोव्हेंबर
सेजल युनिव्हर्सिटीजवळ ताळगावला खोली घेऊन राहिली. तिला रांधून घालायला मालतीही गेली. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मीच धाडली असती.
हे शेजारची चंद्रावती लिहिते आहे. अक्षर वाकडं आहे म्हणे, मला काय फरक पडतो?
तिनेच फोन लावून दिला. सेजलने विचारलं, तब्येत कशी? म्हटलं, ठणठणीत, मला काय झालंय? ती म्हणाली, मला त्या दिवशीच कळलं होतं आजये. पण एखादवेळेस खरंच काही असलं तर, म्हणून राहिले. आणि फोन ठेवला.
चंद्रावती विचारते, पुढे काय लिहू?