कागदी नाक

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. एवढ्या दिवसांत मी ना रडले, ना कुणाशी तुमच्याबद्दल बोलले. आई म्हणते, ही पोरगी लोखंडाची आहे. असेनही. पण आज गप्प बसवत नाही. अण्णा, परबमामांची टॅक्सी आज तीनबत्तीचा चढ तिसऱ्या गिअरात चढली! मी शेजारीच बसले होते!

आणि आपलं राज्य झालं, मुंबईसह! लालबागभर तोरणं लागली आहेत, अनोळखी माणसंही हातावर पेढे ठेवतायत. तुम्ही काय म्हणायचात, आठवतं? "राज्य मिळालं की त्या दिवशी आपल्या गॅरेजात येणाऱ्या पहिल्या गाडीचं नाक मी माझ्या हातानं साफ करीन." एअर फिल्टरला तुम्ही जन्मभर नाकच म्हणालात. डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत माझ्याही तोंडून "गाडीचं नाक" निघून गेलं होतं. परीक्षक पोट धरून हसले. हे तुम्हाला सांगायचं राहिलंच.

तर पहिली गाडी कुणाची आली असेल? परबमामांची. मागून काळा धूर, आणि फाटकातून आत येतानासुद्धा धापा टाकत. मी विचारलं, "मामा, आज सुट्टीच्या दिवशी?"

"शेवटचो इलंय, बाय. उद्या गाडी इकून टाकतंय. तो परळचो गॅरेजवालो म्हणता, इंजिनच उघडूक व्हया. माका खयचा परवडता?"

"आणि मग करणार काय?"

"गिरणीत बदलीवर. दुसरा काय?"

पन्नाशी उलटल्यावर पुन्हा बदली कामगार! रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, आणि कुणी रजेवर गेलं तरच काम. ते हसत हसत बोलत होते, पण हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हता.

अण्णा, मी बॉनेट उघडलं आणि मला गेला दसरा दिसला.

खंडेनवमीला तुम्ही नेहमीसारखी सगळ्या गाड्यांची नाकं काढलीत, रॉकेलच्या डब्यात बुडवलीत, ब्रशनं घासलीत. तारेच्या जाळीच्या गाळणीला तेच योग्य होतं. पण परबमामांच्या परदेशी गाडीचं नाक कागदाचं होतं, घड्या घातलेलं. तेही तुम्ही धुतलंत आणि दोरीवर पोरांच्या लंगोटांच्या रांगेत वाळत घातलंत! मी म्हटलं, "अण्णा, हे धुवायचं नसतं. बदलायचं असतं. त्यावरच छापलंय."

"बदलायचं? परदेशी माल मिळतो कुठे आता? आणि छापणाऱ्याचं काय जातं, त्याला नवं खपवायचंय."

सगळे ड्रायव्हर हसले. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. मी काय केलं? फिल्टरच्या कडेवरचं इंग्रजी मोठ्यानं वाचलं, मग शब्दन् शब्द मराठीत सांगितला, परीक्षेत उत्तर द्यावं तसा. सगळ्यांसमोर. हसणं थांबलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं. तू शिकलेली."

आणि तरी तोच फिल्टर परत बसवलात! का हो, अण्णा? त्यानंतर गाड्यांबद्दल तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. मीही विचारलं नाही. मग माघात तुम्ही गेलातच. माझं म्हणणं बरोबर होतं, आणि तेच मला तीन महिने टोचत होतं.

आज मी तो फिल्टर काढून उन्हात धरला. कागद चांगला असेल तर घड्यांमधून आकाशकंदिलासारखा उजेड येतो. हा नुसता काळा. रॉकेलनं कागद फुगला, घड्या एकमेकींना चिकटल्या, वर मामा जातात त्या रे रोडच्या लाकडाच्या वखारींचा भुसा बसला. मग इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त. धूर निघणारच. मी फिल्टर बाहेर ठेवूनच गाडी चालू करायला लावली. दोन मिनिटांत धूर विरला, आवाज मोकळा झाला!

परबमामा टुणकन खाली उतरले. "अरे, मग नाकाशिवायच ऱ्हवांदे की!"

"आणि वखारीतला भुसा सरळ सिलिंडरात जाऊ दे? मग खरंच इंजिन उघडावं लागेल."

पण नवा आणायचा कुठून? दुकानं बंद, आणि उद्या गिऱ्हाईक गाडी बघायला येणार. मी तिथंच उभी राहिले. तेव्हा आपला सखाराम मिस्त्री, जो तुमच्यामागे इतके दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलतो, हात पुसत पुसत म्हणाला, "अण्णांची दसऱ्याची पेटी बघितलीस का?"

"त्यात पूजेची हत्यारं आहेत."

"बघ तर."

हळदकुंकू लागलेले नटबोल्टचे पाने, तुमचा जुना हातोडा, आणि खाली लाल फडक्यात बांधलेलं एक खोकं. कोरा कागदी फिल्टर! आणि खोक्यावर पेन्सिलीनं तुमचं तिरकं अक्षर:

"परब. गुढीपाडव्याला बदलणे. धुऊ नये – बाय म्हणते."

सखाराम सांगत होता, तुम्ही महिनाभर ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या दुकानांत फेऱ्या मारल्यात, आणि त्याला दम दिलात, "पाडव्यापर्यंत पोरीला कळता कामा नये." मी विचारलं, "मग पाडव्याला का नाही बोललास?" तो म्हणाला, "मला वाटलं, अण्णांमागे पेटी उघडून तू कधीच बघितलं असशील."

अण्णा, फिल्टरला मुहूर्त कसला! तेव्हाच बसवला असतात तर? तेव्हाच मला हाक मारली असतीत तर? पण तुम्हाला बहुतेक पाडव्याच्या दिवशी, त्याच सगळ्या ड्रायव्हरांसमोर, ते खोकं माझ्या हातात द्यायचं होतं. बरोबर ना?

मी फिल्टर बसवला. मग आम्ही तिघं थेट चौपाटीवरून वर. तुमची परीक्षा तीच ना? तीनबत्तीपर्यंत दुसरा गिअर लागला नाही तर गाडी पास! अर्ध्या चढावर परबमामांचा हात सवयीनं गिअरकडे गेला. मी ओरडले, "हात नको लावू, मामा!" मोठ्या माणसाला अरेतुरे! आणि गाडी चढतच राहिली! वर पोचल्यावर मामांनी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मी हसत होते, आणि मग नुसती हसत नव्हते.

गाडी विकायची नाही, असं मामांनी परतताना दोनदा सांगितलं. उद्याच्या गिऱ्हाइकाला ते तीनबत्तीला फिरवून आणणार आहेत, नुसतं जळवायला.

एक गोष्ट मान्य करते. पावसाळा संपून धूळ सुरू होण्याआधी प्रत्येक नाक उघडून बघायचं, ही तुमची दसऱ्याची रीत चुकीची नव्हती. म्हणून शब्द देते: दर दसऱ्याला मी सगळी नाकं उघडीन. जाळीची धुवीन, कागदाची उन्हात धरीन. उजेड आला तर झटकून परत. नाही आला तर त्याच दिवशी नवं. रे रोडला जाणाऱ्या गाड्यांची दर तीन महिन्यांनी बघीन, मग अमावास्या का असेना! आणि कुणाची चूक सांगायची वेळ आली, तर आधी त्याला बाजूला बोलावीन.

खोकं पेटीतच ठेवलंय. तुमच्या ओळीखाली मी पेन्सिलीनं एवढंच लिहिलं: "बदलला. चढली."

तुमची,
बाय