जोवर आतून उत्तर येते

४ मार्च

नोकरी लागली! छापखाना बंद पडल्यापासून आज पहिल्यांदा निवांत बसलो आहे, तेही स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या टेबलाशी. खिडकी पूर्वेला. भिंतीत कपाट, त्याला आतून निळा रंग. दाराची कडी कुरकुरते, तिला उद्या तेल घालीन. आईला कळवायला हवे.

मुलाखत मजेची झाली. थोरल्या साहेबांनी शिक्षण विचारले. नववीत शाळा सुटली, पण मुद्रिते तपासताना माझ्या नजरेतून ऱ्हस्वदीर्घाची चूक कधी निसटली नाही, असे मी सांगितले. ते म्हणाले, ते राहू दे रे, तू वाचून दाखव. मला बंद दाराआड उभे केले आणि वर्तमानपत्र दिले. मी हवामानाचा अंदाज वाचला, सावकाश, प्रत्येक अक्षर स्पष्ट. दार उघडले तर त्यांची बहीण, ताई, रुमाल तोंडाला लावून बसलेली. मला वाटले, आवडले नाही. पण थोरले साहेब पाठीवर थाप मारून म्हणाले, सोनं सापडलं, सोनं!

काम सोपे आहे. त्यांचे वडील, आबा, वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले असतात. त्यांना सोबत करायची, वाचून दाखवायचे. नव्या माणसाला ते चटकन जवळ करत नाहीत, म्हणून बोलावल्याशिवाय वर जायचे नाही.

९ मार्च

अजून बोलावणे नाही. ताट ताई स्वतः वर नेतात, रिकामे परत येते. म्हणजे भूक चांगली आहे.

स्वयंपाकाच्या मावशी भाजी सोलता सोलता सगळे घर सोलून ठेवतात. त्यांच्याकडून कळले ते असे. हे घर आणि रस्त्यावरची दुकाने आबांची. नुसते मृत्युपत्र केले असते, तर त्यांच्यामागे तिन्ही मुलांनी कोर्टात एकमेकांच्या झिंज्या उपटल्या असत्या. म्हणून आबांनी जिवंतपणीच सगळे ट्रस्टच्या नावावर केले आणि जुन्या वकिलांना विश्वस्त नेमले. आबा हयात आहेत तोवर दुकानांचे भाडे थोरल्या साहेबांना आणि ताईंना. आबा गेले, की घर, दुकाने, सगळे धाकट्या मुलीला. कारण आजारपणात त्यांचे हगणेमुतणे तिनेच काढले. बाकीची दोघे दारातूनच 'बरं आहे ना' विचारून जायची.

आबांचा डॉक्टरांच्या दाखल्यावर विश्वास नाही. पैसे फेकले की कागद मिळतो, म्हणतात. आजाराने तोंड वाकडे झाल्यापासून ते कुणाला चेहराही दाखवत नाहीत. म्हणून त्यांनी अटच घालून ठेवली आहे. दर एक तारखेला वकिलांनी वरच्या खोलीच्या बंद दाराशी यायचे, आहात ना, ट्रस्टमध्ये काही बदल करायचा का, असे विचारायचे, आणि आबांनी आतून स्वतः उत्तर द्यायचे. 'जोवर या खोलीतून माझे उत्तर येते, तोवर मी हयात.' मावशींनी बोट उगारून अगदी त्यांच्या थाटात म्हणून दाखवले. वर म्हणाल्या, मरण आलं तर म्हातारा त्यालासुद्धा बाहेरच्या बाकावर बसवून ठेवील.

मी खूप हसलो.

२२ मार्च

लिहिताना निब कागदात रुतते आहे, इतका राग आला आहे.

आज वर नेले. खाट रिकामी. उशीला मधोमध खळगा, खुर्चीवर शाल, कोपऱ्यात काठी. माणूस नाही. आबा थंडीतच गेले. या दोघांनी परगावी नेऊन गुपचूप उरकले. गेल्या एक तारखेला घशाला सूज आली आहे, पुढच्या खेपेला बोलतील, असे सांगून वकिलांना वाटेला लावले होते. आता माझ्या आवाजात उत्तर हवे. 'आहे अजून. काही बदल नाही.' एवढेच. माझा आवाज हुबेहूब आबांसारखा आहे म्हणे. शुद्ध उच्चार म्हणून मी फुशारत होतो, आणि हे सोने!

मी म्हणालो, ही चोरी आहे. धाकटीच्या तोंडचा घास आहे हा. थोरले म्हणाले, बाप आमचा, घर आमचं, आणि चोर म्हणशील तर तूच. आबांचं घड्याळ कुठंय, जा, कपाटात बघ जरा.

गेलो. निळ्या कपाटात, माझ्या धुतलेल्या सदऱ्यात गुंडाळलेले. ताईंनी तर डोळेही वर केले नाहीत. नखे कापत बसल्या होत्या.

१ एप्रिल

केले. लाज वाटते.

जिन्यावर वकिलांच्या बुटांचा आवाज आला. दाराबाहेरून त्यांनी विचारले, आबा, आहात ना? मी तोंड उघडले आणि आधी छातीतून एक ओला, घरघरता खाकरा आला. तो मला कुणी शिकवला नव्हता. वकील हसले, म्हणाले, खाकरा तोच बरं का, खणखणीत! मग मी ते वाक्य म्हणालो.

खिडकी उघडी राहिली होती. खाली फाटकाशी धाकटी उभी होती, हातात डबा. आबांना तुझं तोंड बघायचं नाही, असे सांगून ही दोघे तिला आत घेत नाहीत. तिने आवाज ऐकला. वर बघून तिने बाबा म्हणून हाक मारली, एवढी मोठी बाई, पण शाळेतून आल्यासारखी. डबा रखवालदाराकडे दिला आणि डोळे पुसत, हसत गेली.

तो डबा थोरल्याने खाल्ला. बोटे चाटून.

यापुढे त्याला साहेब लिहिणार नाही.

१० एप्रिल

ठरवले. एक तारखेला वकिलांना सगळे सांगायचे. घड्याळाचे काय व्हायचे ते होवो. वाक्यही नीट जुळवले: मी आबा नाही, आबा थंडीत वारले, घर धाकटीचे आहे.

माझ्या खोलीत म्हणून पाहिले, स्वच्छ आले. मग वर जाऊन म्हणून पाहिले. आधी खाकरा. मग 'आहे अजून.' पुन्हा म्हणून पाहिले. पुन्हा तेच. ओठ चावून धरले तरी घसा आपला बोलतोच आहे.

उशीचा खळगा मी झटकून काढला होता. खाली येताना वळून पाहिले तर तो परत होता. हात लावला. उबदार.

ती अट. या खोलीतून उत्तर येते तोवर. उत्तर तर आम्हीच देत आहोत.

१७ एप्रिल

दुपारी जेवताना थोरल्याने मीठ कमी म्हणून मावशींवर वाटी भिरकावली. मी उठलो आणि ओरडलो, ढब्ब्या, बस खाली! त्याच्या हातातला चमचा पडला. ढब्ब्या हे नाव मला कुणी सांगितले? पुढेही बोललो. शाळेत असल्यापासून माझ्या खिशात हात घालतोस, हरामखोर. ताई रडायला लागली. तिलाही सोडले नाही.

रागाची इतकी गोडी मला कधी नव्हती. आई म्हणते, तू तर मुंगीवरही डाफरत नाहीस.

चहा पिताना डाव्या बाजूने ओघळला. दोनदा पुसला.

२४ एप्रिल

आज धाकटी आली. मी धावत फाटकाशी गेलो. घराबाहेर तरी मी मीच असेन, असे वाटले. तिला सांगणार होतो, तुमचे बाबा गेले, हे घर तुमचे आहे.

म्हणालो, आलीस हात पसरून? मरायची वाट बघतेस माझ्या?

ती पांढरीफटक पडली. बाबा, म्हणाली, मला नाही, माझ्या मागे वर खिडकीकडे बघून. डबा तिथेच टाकून पळाली.

मला तिच्या मागे जायचे होते. पाय घराकडे वळले. वाईट वाटले नाही, हे सर्वात वाईट. वाटले, बरी जिरवली.

२७ एप्रिल

पळून जायला निघालो. रखवालदार उठून उभा राहिला आणि म्हणाला, आबा, उन्हात कुठं निघालात? मग माझ्याकडे बघून कसनुसा हसला, म्हणाला, चुकलो रे पोरा. पण फाटक उघडले नाही. मीही 'उघड' म्हणालो नाही. का—

३० एप्रिल

लिहिताना अजून मी आहे. म्हणून ही वहीच वकिलांना द्यायची. तोंड उघडायचे नाही. दार उघडायचे, वही हातात, बस्स. धाकटीचे घर धाकटीला. तिला म्हणावे, फाटकाशी बोलला तो मी नव्हतो—

थोरला मघाशी दारात आला. घाबरला आहे. म्हणतो, तू जा, नको आम्हाला. आता म्हणतो!

डावा हात उचलवत नाही.

१ मे

वर आहे. शाल कुणी घातली. वही मांडीवर. जिन्यात बूट वाजतात— उठायचे, कडी काढायची— उठ— उठ ना—

विचारतात, आबा, आहात ना?

आहे.

काही बदल?

आहे. बदल आहे. लिहून घ्या, वकीलसाहेब, मीही इथे लिहून ठेवतो. पोराचे अक्षर सुरेख आहे. थोरल्याचे भाडे बंद, ताईचे बंद. दोघांनी मला परक्या गावात कचऱ्यासारखे टाकले. आणि धाकटीला घर माझ्यामागे, असे आहे ना? राहू द्या तसेच. बसू दे वाट बघत. छाती मोकळी आहे, दात शाबूत आहेत, पन्नास वर्षे तर कुठे गेली नाहीत. माझे आहे ते माझेच—

हा पोरगा आतून अजून हाका मारतो आहे. मारू दे. त्याच्या उत्तराची अट कुठे कुणी घातली आहे?