परवा येताना आईला घेऊन या

ती. मामा,

तुमच्या गुडघ्यांचा ठणका आणि मामीचा पारा दोन्ही उतरणीला लागले असतील असं धरून साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे (नाही, पण सुरुवातीलाच कसं लिहू).

माझं आयुष्य बदललं ते सोमवारी, मेंदूचा आलेख काढणाऱ्या मुलीने माझ्या डोक्याला गार लेप लावून "हलू नका" म्हटलं तेव्हा. कॉलेजात मला फेफऱ्याचा झटका आला, एक जण हसला आणि शुद्धीवर येताच त्याच्या अंगावर टेबल उलटवून मी कॉलेज सोडलं, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हापासून कोणी सांगावं आणि मी ऐकावं, असं घडलं नव्हतं. मी हललो नाही! आता, डोकं धुऊन, कोरडं करून या, असं आधी बजावलेलं. पण तारीख घेताना ती खिडकीत दिसली होती, म्हणून मी तेल चोपडून, भांग पाडून गेलो. तारा डोक्यावरून घसरायला लागल्या. तिने कपाळाला हात लावला आणि बेसिनपाशी नेऊन माझं डोकं दोनदा धुतलं (आईनंतर ही पहिलीच). निघताना म्हणाली, "परवा येताना आईला घेऊन या."

मामा, तुम्हीच सांगा, माणसाने काय समजावं?

आईने ठेवणीतले कपडे काढले. बाबा म्हणाले, "डोक्याचा आलेख बघूनही मुलगी तयार आहे? सोडू नकोस!"

तिथे तपासायला आईचं रक्त हवं होतं. डॉक्टरांनी समजावलं: मेंदूतल्या पेशींना बारीक दारं असतात, त्यांतून क्षारांचे कण ये-जा करतात. दार नीट मिटलं नाही की झटका. एवढं मला ठाऊक होतं. पण हीच दारं, आपण पोटात असताना, कोणत्या पेशीने कुठे जाऊन बसायचं तेही ठरवायला मदत करतात म्हणे. माझं एक दार किलकिलं राहिलं असावं, म्हणून काही पेशी भलतीकडेच बसल्या आणि मेंदूची एक घडी चुरगळली (अर्ध्यातून सोडायची सवय तेव्हापासूनची). "पोटात असताना" ऐकलं आणि आईने सुईपुढचा हात मागे घेतला.

तेव्हापासून तिचं एकच. "तू पोटात होतास तेव्हा मी स्टुलावरून पडले होते रे." मला वाढते, स्वतः उपाशी उठते. मी ओरडलो, "पडलीस तर पडलीस!" आणि दार असं आपटलं की कडी निखळली.

असो. तुम्ही येऊन मुलीच्या घरी शब्द टाकावा, ही विनंती.

तुमचाच,
तापट भाचा

ता.क. मुलीचं राहू द्या. ती आईला घेऊन यायला सगळ्यांनाच सांगते. मी बाकावर बसून ऐकलं. तुम्ही आईसाठी या. पडण्याने असं होत नाही, डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. रक्त मिळालं तर दोष कुठून आला ते कळेल, औषधही नेमकं ठरवता येईल. मी सांगायला जातो आणि आवाज चढतो. तुम्ही तिचे धाकटे भाऊ, तुमचं ऐकते.

ता.क. २. आणि दोष तिच्याकडूनच आला असेल तर? नाक येतं तसाच येतो, त्यात कोणाची चूक नाही, हेही तुम्हीच सांगा. (मग तुमचंही रक्त मागतील. सुई बारीक असते.)

ता.क. ३. चपला घालून हे लिहितोय. आई ओट्याशी पाठमोरी उभी आहे. कडी मी बसवली. पत्र टाकायला निघालो; दार आपटत नाही, हळू ओढून घेतो.